गाडीच्या चाकांतील हवा आणि घरातील ज्येष्ठ

रक्तदाब मोजण्याचे यंत्र आता बहुतेक घरांत असते आणि ते कसे वापरावे हेही आपल्याला ठाऊक असते. पाच मिनिटे शांत बसावे, नुकताच चहा घेतलेला नसावा, जिना चढून आल्याबरोबर दंडाला पट्टा बांधू नये. धाप लागलेल्या माणसाचा आकडा खरा नसतो, हे एव्हाना घरातल्या शाळकरी नातवालाही समजलेले असते. मात्र ज्या मोटारीतून आपण आजोबांना डॉक्टरांकडे नेतो, तिच्या चाकांत हवेचा दाब किती असावा आणि तो केव्हा मोजावा, असे कोणी विचारले तर आपले उत्तर ठरलेले असते : "पेट्रोल पंपावर भरून घेतो की!"

आरोग्यविषयक पाक्षिकात टायरचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. पण ज्या घरात सत्तरी ओलांडलेली व्यक्ती आहे, कोणाचे डायलिसिस चालू आहे, कोणाच्या डोळ्यांत दरमहा इंजेक्शन घ्यायचे आहे, त्या घरातील मोटार ही हौसेची वस्तू राहिलेली नसते. ती त्या घराची रुग्णवाहिका झालेली असते. आणि ही रुग्णवाहिका विचित्र आयुष्य जगते. मुलगा परदेशी, सून नोकरीवर, म्हणून गाडी आठवडेच्या आठवडे इमारतीखाली आच्छादन पांघरून उभी असते. मग एके पहाटे तासावर ठरवलेला ड्रायव्हर येतो, आच्छादन काढतो आणि तिला एकदम शंभर किलोमीटर पळवतो. त्या आठवड्यांत चाकांतील हवा किती उतरली, हे कोणी पाहिलेले नसते.

मीही पाहिले नव्हते. तीन वर्षांपूर्वी वडिलांना घेऊन वाईहून पुण्याला तपासणीसाठी निघालो होतो. वडील एक्याऐंशी वर्षांचे, मधुमेही, मणक्याचा एक मणी खचलेला. खंबाटकीचा बोगदा ओलांडून उताराला लागलो आणि गाडीची मागची बाजू किंचित हेलकावू लागली. वडील म्हणाले, "गाडी झुलतेय रे." मी म्हणालो, रस्ताच तसा आहे. ते पूर्वी एस.टी.च्या कार्यशाळेत होते, त्यांनी पुन्हा, जरा करड्या आवाजात सांगितले, "रस्ता नाही. डावं मागचं चाक बघ." बाजूला घेऊन पाहिले, तो टायर जवळजवळ रिमवर बसलेला. डिकीतून स्टेपनी काढली, तर तिच्यात त्याहून कमी हवा. पुढचा दीड तास ते उन्हात, गाडीत बसून होते. नाश्त्याची वेळ टळली, इन्सुलिन घेऊन झालेले, लघवीला जायचे तर उतरून आधार घ्यायला धड जागा नाही. सोबत पेढ्यांचा पुडा होता म्हणून साखर सांभाळता आली. तपासणीची वेळ अर्थातच हुकली.

दहाच दिवसांपूर्वी मी हवा "भरून" घेतली होती, हे त्यातले खरे दुखणे. बाजारातून फिरून आल्यावर, भर दुपारी, पंपावर थांबलो होतो. तेथील मुलाने विचारले, "किती टाकू?" मी म्हणालो, "टाक तीस." तीस का, हे मला सांगता आले नसते. गाडीला हवी होती तेहतीस. आणि धावून तापलेल्या टायरमधील तीस म्हणजे थंड टायरमधील सव्वीस-सत्तावीस. त्यात एका व्हॉल्व्हमधून हवा अगदी मंद गतीने झिरपत होती.

हवा काय करते

मोटारीचे वजन रबर पेलत नाही, रबरात कोंडलेली हवा पेलते. एक छोटी गाडी चार माणसांसह बाराशे-तेराशे किलोंची होते आणि हे सारे ओझे रस्त्याला टेकते ते चार ठिकाणी, प्रत्येकी साधारण आपल्या तळहाताएवढ्या जागेवर. वळणे, ब्रेक दाबणे, पावसात न घसरणे, हे सगळे त्या चार तळहातांच्या भरवशावर चालते. हवा योग्य असेल तेव्हा ही टेकणारी जागा सपाट व सारखी असते. हवा कमी झाली की टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतात आणि पुन्हा ताठ होतात. तार वारंवार वाकवली तर ती गरम होते, तसेच रबर आतून तापत जाते. वेग जितका जास्त, ओझे जितके जास्त, डांबर वा काँक्रीट जितके तापलेले, तितकी ही उष्णता वाढते आणि अखेरीस टायरचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. टायर "अचानक फुटला" असे आपण म्हणतो, पण त्याची तयारी बहुधा बराच वेळ चाललेली असते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. तेथे टायर फुटून अपघात होऊ लागल्यावर परिवहन खात्याला प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासण्याची मोहीम हाती घ्यावी लागली.

हवा जास्त झाली तर उलट घडते. टायर मध्यभागी फुगतो, तळहाताऐवजी जणू दोन बोटेच टेकतात, पकड कमी होते आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट आसनापर्यंत पोहोचतो. ठिसूळ हाडांच्या, खचलेल्या मणक्यांच्या माणसाला हे धक्के किती जाचतात, हे मागच्या आसनावर बसणाऱ्यालाच विचारावे.

येथे एक गैरसमज आवर्जून सांगितला पाहिजे, कारण तो मायेपोटी होतो. "आजींना धक्के बसतात म्हणून आम्ही हवा जरा कमीच ठेवतो", असे मी एकाहून अधिक घरांत ऐकले आहे. कृपया असे करू नये. कमी हवेची गाडी गल्लीत मऊ वाटते खरी, पण तीच गाडी हमरस्त्यावर वळणात डोलते, ब्रेक दाबल्यावर उशिरा थांबते आणि आतून तापत जाते. आजींना सुख द्यायचे असेल तर वेग कमी करावा, कमरेमागे उशी द्यावी, गतिरोधक आला की आधी सांगावे. चाकाच्या हवेतून ते सुख काढू नये.

हवा भरलेल्या टायरचा जन्म मात्र अशाच मायेतून झाला, हे जाता जाता सांगण्याजोगे आहे. १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीचे धक्के कमी व्हावेत म्हणून तिच्या चाकांना हवा भरलेली रबरी नळी बसवली. त्याआधी १८४५ मध्ये रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी तशाच कल्पनेचे पेटंट घेतले होते, पण ते काळाच्या फार पुढे होते.

आकडा कोठे लिहिलेला असतो

चालकाचा दरवाजा उघडा. दरवाजाच्या चौकटीच्या खांबावर, खालच्या अंगाला, एक छोटी चिकटपट्टी दिसेल. काही गाड्यांत ती पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूस असते. तेथेही नसल्यास गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. तिच्यावर पुढच्या व मागच्या चाकांसाठी दाब दिलेला असतो, बहुधा पीएसआय या एककात, कधी बार किंवा किलोपास्कलमध्ये. एक बार म्हणजे सुमारे साडेचौदा पीएसआय. अनेक छोट्या गाड्यांचा आकडा तीस ते छत्तीस पीएसआयच्या दरम्यान असतो, पण शेजाऱ्यांच्या गाडीचा आकडा आपला मानू नये. पुष्कळदा पट्टीवर दोन ओळी असतात : एक दोन-तीन माणसांसाठी आणि दुसरी पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. ही दुसरी ओळ आपल्या घरासाठी महत्त्वाची आहे. पाच जण आणि डिकीत चाकांची खुर्ची, पिशव्या, ऑक्सिजनचे यंत्र असे सामान असेल, तर ती भरलेली गाडी होय. अशा वेळी मागच्या चाकांना अधिक हवा लागते.

टायरच्या अंगावरही एक आकडा कोरलेला असतो आणि पुष्कळ सुजाण माणसे तोच खरा समजतात. तो त्या टायरला सोसवणारा कमाल दाब आहे. तेवढी हवा भरा, असे तो सांगत नाही.

या दोन आकड्यांपैकी कोणावर विश्वास ठेवावा आणि मुळात आकडा किती असावा, याने अमेरिकेत मोठे रण माजले होते. फायरस्टोन कंपनीने ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर बाजारातून परत मागवले. त्यांतील बरेचसे फोर्डच्या एक्सप्लोरर या गाडीवर बसवलेले होते, आणि नक्षीचा थर सुटून झालेल्या अपघातांत दोनशेहून अधिक माणसे दगावली होती. फोर्डने या गाडीसाठी २६ पीएसआय दाब सुचवला होता; फायरस्टोनचे म्हणणे ३० असावा. दोष केवळ हवेचा नव्हता, टायरच्या निर्मितीतही त्रुटी होत्या. पण कमी हवा, उन्हाळा, ओझे आणि वेग एकत्र आले की काय होते, ते जगाने पाहिले. त्यानंतर तेथे कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या प्रवासी गाडीत हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली.

आपल्याकडील अनेक नव्या गाड्यांतही ही यंत्रणा येते. समोरच्या फलकावर घोड्याच्या नालेसारखी पिवळी खूण आणि तिच्या मध्यभागी उद्गारचिन्ह पेटले, तर कोठल्या तरी चाकात हवा बरीच उतरली आहे असे समजावे. "बरीच" हा शब्द लक्षात घ्यावा. अमेरिकी नियमानुसार हा दिवा सुचवलेल्या दाबापेक्षा पाव भाग कमी झाल्यावर लागणे बंधनकारक आहे. म्हणजे तेहतीसची पंचवीस होईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. दिवा लागला नाही म्हणून हवा ठीक आहे, असे मानणे धोक्याचे.

मोजावी कशी

आता रक्तदाबाच्या त्या पाच मिनिटांच्या विश्रांतीकडे परत येऊ. टायरलाही विसावा लागतो, मात्र पाच मिनिटांचा पुरत नाही. गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा सावकाश दीड किलोमीटरच्या आत चाललेली असावी. पट्टीवरचा आकडा अशा थंड टायरसाठीच दिलेला असतो. म्हणून उत्तम वेळ सकाळची, उन्हे गाडीवर पडण्यापूर्वीची. एका बाजूला ऊन आणि दुसरीला सावली असेल तर दोन बाजूंचे आकडेही वेगळे येतात.

त्यासाठी आपले स्वतःचे प्रेशर गेज घ्यावे. काही शेकडा रुपयांत ते मिळते. ज्येष्ठांनी मोठ्या आकड्यांचे, आत दिवा असलेले आणि शक्यतो लांब नळीचे गेज निवडावे. टोकाला चिमटा असेल तर संधिवाताच्या बोटांना ते दाबून धरावे लागत नाही. चाकाशी ओणवे होऊ नये. एक बुटके स्टूल ठेवून त्यावर बसावे आणि उठताना सावकाश उठावे. रक्तदाबाच्या काही औषधांमुळे झटकन उठल्यावर भोवळ येते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. गुडघा बदललेल्यांनी हे काम नातवाकडे द्यावे आणि आकडे लिहिण्याचे काम स्वतःकडे घ्यावे.

व्हॉल्व्हची टोपी फिरवून काढावी आणि खिशात ठेवावी, कारण जमिनीवर ठेवलेली टोपी हमखास गटाराकडे जाते. गेज व्हॉल्व्हवर सरळ दाबावे. क्षणभर फुस्स असा आवाज होतो. तो थांबला की आकडा वाचावा. आवाज चालूच राहिला तर गेज तिरके बसले आहे. दोनदा मोजून आकडा सारखा आला की वहीत लिहावा आणि टोपी पुन्हा घट्ट बसवावी. ती धूळ व पाणी आत जाऊ देत नाही. दाब जास्त निघाला तर व्हॉल्व्हमधील बारीक खिळी हलकेच दाबून थोडी हवा सोडावी आणि पुन्हा मोजावे.

कमी निघाली तर? घरी बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर असेल तर तेथेच भरावी. आकडा ठरवून दिला की तो आपोआप थांबतो. अशा यंत्राचा खर्च ज्येष्ठांच्या घरात वाया जात नाही. नसेल तर पंपावर जावे लागेल आणि तेथे पोहोचेपर्यंत टायर तापलेले असतील. त्यावर तोड अशी. समजा, घरी थंड चाकात २८ निघाले आणि हवे आहेत ३३. म्हणजे पाच कमी. पंपावरच्या यंत्रात तेच चाक ३२ दाखवील. तेथे ३३ वर थांबू नये. त्या ३२ मध्ये आपले पाच मिळवून ३७ करून घ्यावे. पंपाचे यंत्र आणि आपले गेज यांत थोडा फरक असला तरी या हिशेबाने बाधा येत नाही, कारण आपण कमतरता भरतो आहोत. पंपावरच्या मुलाला वहीतले आकडे दाखवावेत. तो हसेल, पण भरून देईल.

आणि प्रवासात मध्येच मोजून आकडा चार-पाचने वाढलेला दिसला, तर घाबरून हवा सोडू नये. तापल्यावर वाढ होणारच. ती सोडली तर थंड झाल्यावर टायर उपाशी राहतो.

मोजणी महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी अवश्य करावी. चांगला टायरही महिन्याला साधारण एक पीएसआय गमावतो. ऋतूचाही परिणाम होतो : तापमान साडेपाच अंशांनी उतरले की दाब सुमारे एक पीएसआयने उतरतो. एप्रिलच्या ऊन्हात भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे चार-पाचने कमी भरते, एकही छिद्र नसताना. नायट्रोजन भरल्यास हे सारे टळते, असे काही ठिकाणी सांगतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा हळू झिरपतो इतकेच. मोजणी काही सुटत नाही.

एकच चाक दर वेळी इतरांहून अधिक उतरत असेल, तर कारण शोधावे. साबणाचे पाणी व्हॉल्व्हवर लावून बुडबुडे येतात का पाहावे, नाही तर पंक्चरवाल्याकडून चाक पाण्यात बुडवून घ्यावे.

कमी चाललेल्या गाडीचे म्हातारे टायर

ज्येष्ठांच्या गाड्यांत आणखी एक फसगत होते. गाडी वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालते, टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, म्हणून टायर चांगले आहेत असे वाटते. रबर न वापरताही वृद्ध होते. टायरच्या अंगावर डीओटी या अक्षरांच्या पुढे शेवटी चार आकडे असतात : २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. काही मोटार उत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात. टायर कंपन्या दहा वर्षे ही अखेरची मर्यादा मानतात. भिंतीवर बारीक चिरा दिसत असतील तर वर्षे मोजत बसू नये.

स्टेपनी विसरू नये, हे मी कोणत्या तोंडाने सांगावे! हा शब्द आपण इतका आपला केला आहे की तो वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, हे खरेही वाटत नाही. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला सुरुवात केली. आपल्या गाडीची स्टेपनी इतर चाकांहून अरुंद असेल तर तिचा दाब वेगळा, बहुधा साठ पीएसआयच्या आसपास असतो. तो तिच्यावरच लिहिलेला असतो.

घरातले दुसरे वाहन

चाकांच्या खुर्चीकडे कोणाचेच लक्ष जात नाही. काही खुर्च्यांची चाके भरीव असतात, त्यांना हवेची गरज नाही. पण मागची मोठी चाके हवेची असतील तर ही तपासणी मोटारीइतकीच निकडीची आहे, कारण अशा बऱ्याच खुर्च्यांचा ब्रेक टायरवर दाबूनच चाक अडवतो. हवा उतरली की ब्रेकचा दांडा टायरला नीट भिडत नाही. ब्रेक लावलेला दिसतो, "खट" असा आवाजही येतो, आणि आजी पलंगावरून खुर्चीत सरकत असताना खुर्ची मागे जाते. एका चाकात कमी व दुसऱ्यात जास्त हवा असेल तर खुर्ची एका बाजूला ओढते आणि ढकलणाऱ्याची कंबर धरते.

येथे दरवाजावरची पट्टी नाही. म्हणून खुर्चीसाठी टायरच्या अंगावर लिहिलेल्या मर्यादेचा आधार घ्यावा आणि ती ओलांडू नये. व्हॉल्व्ह मोटारीसारखा असेल तर तेच गेज चालते. जुन्या सायकलीसारखा असेल तर गेज बसत नाही. अशा वेळी अंगठ्याने टायर जोरात दाबून पाहावा, तो जेमतेम दबला पाहिजे. मग ब्रेक लावून, खुर्चीत कोणी नसताना, ती ढकलून पाहावी. सरकली तर आधी हवा भरावी आणि तरीही सरकल्यास ब्रेक आवळून घ्यावा. हे दर आठवड्याला करणे बरे.

आमच्या घरी आता वडिलांच्या रक्तदाबाच्या वहीतच शेवटची पाने चाकांसाठी राखली आहेत. पहिल्या रविवारी सकाळी मी स्टुलावर बसून आकडे सांगतो आणि ते ओट्यावर खुर्ची टाकून लिहितात : पुढचे डावे, पुढचे उजवे, मागचे डावे, मागचे उजवे, स्टेपनी. गेल्या खेपेस मागच्या उजव्यापुढे त्यांनी ३० लिहून त्याभोवती वर्तुळ काढले, कारण बाकीची तिन्ही ३३ वर होती. परवा पुण्याला जायचे आहे. त्याआधी, आज संध्याकाळी, ते चाक पंक्चरवाल्याला दाखवायचे ठरले आहे.